वाटीतली पातळी

हंगामात कोपरगावच्या गोदावरी पुलाशी उभं राहिलं की उसाच्या गाड्यांची रांग तुटत नाही. ट्रक, ट्रॅक्टर, त्यांच्यामागे दोन-दोन ट्रॉल्या. या रांगेत पेट्रोलवर चालणारा मोठा ट्रक आता शोधूनही सापडायचा नाही. मग जुन्या पेट्रोल ट्रकचा कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो, एवढ्या एकाच बिघाडावर अख्खी पुस्तिका कशाला, असं कुणीही विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरापायीच ही प्रस्तावना लांबली आहे.

आपल्या भागातली साखर आणि पेट्रोलचा ट्रक एकाच पिढीत वाढले. साकरवाडीचा कारखाना चालवणाऱ्या सोमय्यांच्या गोदावरी शुगर मिल्सची स्थापना १९३९ ची. प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला तो १९५० च्या सुमारास. त्या वर्षांत मुंबईच्या शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात, १९२८ पासून, गाड्यांची जोडणी चाले. कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्समधून डॉज आणि फार्गो बाहेर पडत. प्रीमिअर काढणारे वालचंद हिराचंद म्हणजे रावळगाव आणि वालचंदनगर इथे साखर कारखाने उभे करणारेच. १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक निघू लागले आणि मालवाहतुकीतून पेट्रोल हळूहळू हटलं.

पण गाड्या लगेच भंगारात गेल्या नाहीत. शिवाय आपला जिल्हा लष्कराचा. नगरला आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे, लष्करी वाहनांची चाचणी घेणारी व्हीआरडीई आहे. जबलपूरला पूर्वी तयार होणाऱ्या निसानच्या एक-टनी गाड्या आणि जोंगा, दोन्ही पेट्रोलच्या. जोंगाचं इंजिन सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं. सेवेतून निवृत्त झालेल्या अशा गाड्या लिलावात निघत आणि डिस्पोजलची गाडी म्हणून खेड्यापाड्यांत पोचत. आज त्यांतल्या ज्या उरल्या आहेत त्या कुणाच्या तरी वस्तीवर पत्र्याच्या शेडखाली उभ्या आहेत. घरातला एखादा मुलगा आजोबांचा फार्गो पुन्हा चालू करायचं मनावर घेतो, बॅटरी आणतो, नवं पेट्रोल भरतो, सेल्फ मारतो. इंजिन दोन ठोके देतं, काळा धूर टाकतं आणि बंद पडतं. बॉनेट उघडावं तर मॅनिफोल्डवर पेट्रोल ठिबकतंय. ही पुस्तिका त्या मुलासाठी आहे, आणि तो ज्या मिस्त्रीला बोलावून आणतो त्याच्यासाठीही. कार्बोरेटरवर वाढलेले मिस्त्री आता थकले. त्यांच्या हाताखाली शिकायला आलेल्यांनी इंजेक्शनच्याच गाड्या पाहिल्या. मधला दुवा तुटण्याआधी हे मराठीत लिहून ठेवणं मला फार गरजेचं वाटतं.

या पुस्तिकेचं म्हणणं तसं थोडकंच आहे. पेट्रोल कार्बोरेटरमधून सांडतं, पण ते सांडायला लावणारं कारण टाकीपासून प्लगपर्यंत कुठेही असू शकतं. म्हणून आधी मोजायचं, मग खोलायचं. गॅरेजात नेमकं उलटं घडतं. ओव्हरफ्लो म्हटलं की कार्बोरेटर उतरवतात, रॉकेलमध्ये धुतात, दुरुस्तीचं किट टाकतात आणि बसवतात. चार दिवस गाडी बरी चालते, पाचव्या दिवशी पुन्हा ठिबकायला लागते. मग नवा कार्बोरेटर शोधायचा. तो मिळत नाही. म्हणून दुसऱ्याच गाडीचा बसवायचा. चांगल्या गाड्या अशानं कायमच्या बिघडल्या आहेत.

आधी वाटीत काय घडतं ते पाहू. पंपाकडून आलेलं पेट्रोल एका बारीक भोकातून फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत वाटीत, पडतं. वाटी भरत जाते तसा पितळी फ्लोट वर उचलला जातो आणि त्याच्या दांड्यावरची जीभ नीडलला वर ढकलून ते भोक बंद करते. पेट्रोलची पातळी मुख्य नळीच्या तोंडाखाली थोडीशी राहिली पाहिजे. इंजिन हवा ओढतं तेव्हा पेट्रोल तेवढं अंतर चढून हवेत मिसळतं. पातळी त्या तोंडाच्या वर गेली, की इंजिनानं मागो न मागो, पेट्रोल कार्बोरेटरच्या घशात उतरत राहतं. तरफेवर तरंगणारा फ्लोट आणि शंकूसारखी सुई एवढाच हा कारभार. १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाखनं फवारणीचा कार्बोरेटर केला तेव्हाही तो असाच होता, आणि पुढची शंभर वर्षं त्याच्या मुळात फरक पडला नाही.

इथे थोडं गणित करू. भोकाचा व्यास २ मिलिमीटर धरला आणि पंपाचा दाब चौरस इंचाला ३ पौंड धरला, तर नीडलला खाली ढकलणारा जोर भरतो साधारण साडेसहा ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांच्या नाण्याच्या वजनाएवढा. फ्लोटला रोखून धरायचा असतो तो एवढाच जोर. दाब दुप्पट झाला की जोरही दुप्पट. जुन्या इंजिनांचा यांत्रिक पंप, ज्याला आपल्याकडे एसी पंप म्हणतात, साधारण २ ते ५ पौंडांच्या आत काम करतो. त्याचा पडदा मिळत नाही म्हणून कुणी विजेवरचा पंप बसवतं. तो इंजेक्शनच्या गाडीचा निघाला, तर त्याचा दाब ३५-४० पौंडांच्या घरात असतो. जगातली कुठलीही नीडल त्यापुढे टिकणार नाही. अशा गाडीत कितीही किट बदलली तरी ओव्हरफ्लो जायचा नाही. पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये टी जोडून दाबाचं घड्याळ लावलं असतं, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. दाबावर एक अख्खं प्रकरण आहे ते यासाठीच. ज्यांच्याकडे हे घड्याळ नाही त्यांनी पुढचं पान उलटण्याआधी ते आणावं, असा माझा आग्रह आहे.

टाकीच्या झाकणाचंही असंच. झाकणाला हवा घेण्यासाठी बारीक छिद्र असतं. मूळ झाकण हरवलं आणि त्याजागी छिद्र नसलेलं बसलं, की उन्हात तापलेल्या टाकीत वाफेचा दाब साचतो आणि गाडी उभी असतानाही पेट्रोल पुढे ढकलतो. सकाळी गाडी छान आणि दुपारी उभ्या उभ्या ठिबकते, अशी तक्रार आली तर पहिला हात टाकीच्या झाकणाला लावावा.

आता नीडल. दाब ठीक निघाला, झाकण ठीक निघालं, तर मगच कार्बोरेटरचं वरचं झाकण उघडायचं. नीडल बाहेर काढून तिचं टोक उजेडाकडे धरा आणि बोटांत हळूहळू फिरवा. नवी नीडल सगळीकडून सारखी चकाकते. झिजलेल्या नीडलच्या शंकूवर, टोकापासून जरा मागे, एक बारीक कडं दिसतं. भोकाच्या काठावर वर्षानुवर्षं टेकून पडलेली ती खाच. नजरेला दिसली नाही तर अंगठ्याचं नख शंकूवरून ओढावं; खाचेत नख अडतं. इतकी बारीक की फूटपट्टीवर मोजता येत नाही, पण साडेसहा ग्रॅमच्या खेळात ती पुरेशी आहे. कोपरगावात एका म्हाताऱ्या मिस्त्रींना मी पाहिलं आहे. ते चष्मा वर सरकवायचे, नीडल नखावरून ओढायचे आणि काही न बोलता शिष्यापुढे ठेवायचे. शिष्यानं स्वतःच्या नखानं खाच शोधायची, मग पुढचं बोलणं. नीडल एकटी बदलून भागत नाही, सीटही, म्हणजे ज्या भोकावर ती टेकते तो तुकडाही, तिच्या जोडीनंच बदलायची, कारण झीज दोघांची मिळून झालेली असते. सीटखालचा तांब्याचा किंवा फायबरचा वॉशर विसरला, तर पेट्रोल आट्यांमधून वाट काढतं आणि निर्दोष नीडलच्या माथी दोष येतो.

फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल असेल तर चुळचुळ ऐकू येते. शंका राहिली तर उकळत्या पाण्याच्या भांड्यात बुडवून धरा. जिथून बुडबुडे येतील तिथे छिद्र. हे पाणी स्टोव्हपासून लांब आणूनच काम करायचं, आणि आतलं पेट्रोल संपूर्ण बाहेर काढल्याशिवाय फ्लोटला डाग द्यायचा नाही. बंद पितळी डब्यातली पेट्रोलची वाफ तापली तर काय होतं हे वेगळं सांगायला नको. डाग देतानाही कथील चिमूटभरच वापरावं. मोठा गोळा बसला की फ्लोट जड होतो, जड फ्लोट खोल बुडतो, आणि तेवढीच वाटीतली पातळी वर चढते.

पातळीचं माप प्रत्येक कार्बोरेटरचं वेगळं. विलीज जीपवरच्या कार्टर डब्ल्यूओला झाकण उलटं धरून फ्लोट आणि झाकण यांच्यात ३/८ इंच अंतर ठेवतात. काही जपानी कार्बोरेटरांना वाटीवर काचेची छोटी खिडकी असते, तिथे पातळी थेट दिसते. माप जुळवताना जीभ वाकवायची ती नीडलवर दाब न देता. फ्लोट हातानं दाबून जीभ वाकवली की नीडलचं टोक सीटवर चेपतं आणि नव्या नीडलला पहिल्याच दिवशी खाच पडते.

जुने लोक नळीला तोंड लावून नीडल हवा धरते का ते पाहत. ही सवय सोडून द्यावी. देशभर पेट्रोलमधलं शिसं गेलं ते २००० साली; त्याआधी कित्येक मिस्त्रींनी तोंडानं शिसं ओढलं. शिसं गेलं तरी बेंझिन आहेच. हातपंपानं हीच चाचणी जास्त नेमकी होते.

ओव्हरफ्लोसारखं दिसणारं, पण ओव्हरफ्लो नसलेलं, असंही बरंच काही असतं. स्पार्क कमजोर असला की आत आलेलं पेट्रोल जळत नाही, प्लग ओले निघतात आणि बोल लागतो कार्बोरेटरला. चोकची पट्टी अडकून अर्धी बंद राहिली असेल. ऑइल-बाथ एअर फिल्टरमध्ये कुणी खुणेच्या वर तेल भरलेलं असेल, किंवा हंगामातली धूळ आणि चिपाडाचा भुसा त्यात गच्च बसलेला असेल. मग हवा कमी पडते आणि मिश्रण घट्ट होतं. वाटीची पातळी मात्र जागच्या जागी असते. ओळखायची खूण सोपी: इंजिन बंद करा, एअर फिल्टर काढा, टॉर्चनं घशात बघा. मुख्य नळीच्या तोंडातून थेंब पडत राहिले, तर दोष पातळीचा. घसा कोरडा असेल तर कार्बोरेटर खोलू नका, दुसरीकडे बघा. ड्रायव्हरची सवयही तपासावी. चालू होत नाही म्हणून जो तो ॲक्सिलरेटर दाबत राहतो. प्रत्येक दाबासरशी छोटा पंप घशात एक पिचकारी सोडतो. इंजिन भिजलं असेल तर चोक पूर्ण उघडा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत एकदाच दाबून तसाच धरा, थोडा वेळ सेल्फ मारा, सेल्फला विश्रांती द्या, पुन्हा मारा. हँडल मारून चालू करायच्या गाडीतही नियम हाच.

उन्हाळ्याचं प्रकरण मी मुद्दाम मोठं मागून घेतलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. पेट्रोलमधले सगळ्यांत हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात. गाडी चालू असताना पंख्याची हवा आणि सतत येणारं नवं पेट्रोल वाटीला थंड ठेवतं. गाडी उभी केली की दोन्ही थांबतं, इंजिनाची उष्णता वर चढते, वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि वाफेबरोबर नळीतून उसळून मॅनिफोल्डमध्ये पडतं. शिर्डीहून आलेली गाडी चहाला थांबते आणि दहा-पंधरा मिनिटांनी चालू होत नाही, ती यामुळे. यात नीडलचा दोष नसतो. कार्बोरेटरखालचं जाड फायबरचं पॅकिंग मूळ जाडीचं आहे का, एक्झॉस्टवरचा उष्णतारोधक पत्रा जागेवर आहे का, पेट्रोलची नळी गरम भागाला टेकली आहे का, हे बघायचं.

आणि आता पेट्रोल बदललं आहे. ही पुस्तिका जुन्या इंग्रजी मॅन्युअलांवरून नुसती उतरवून चालणार नव्हती, ती या कारणानं. देशात इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे पहिले प्रयोग २००१ मध्ये ज्या तीन ठिकाणी झाले, त्यांतलं एक मनमाड. कोपरगावपासून रेल्वेनं थोड्याच अंतरावर. दुसरं मिरज, तिसरं उत्तर प्रदेशात बरेलीला. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सक्तीचं झालं आणि २०२५ मध्ये आपण वीस टक्क्यांवर आलो. कोपरगाव तालुक्यात उसाच्या मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या आसवन्या आहेत. साकरवाडीत तर इथेनॉलपासून रसायनं बनतात. कारखान्याला त्यातून पैसा मिळतो आणि तो ऊस उत्पादकाच्या बिलापर्यंत पोचतो, म्हणून इथेनॉलला नावं ठेवायचं मला काही कारण दिसत नाही. पण ज्या शेतकऱ्याच्या उसातून ते निघतं, त्याच्याच वस्तीवरचा फार्गो त्या पेट्रोलसाठी घडवलेला नव्हता, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळायच्या तर नेमकं काय बदलतं ते माहीत हवं.

इथेनॉल पहिल्यांदा टाकी धुऊन काढतं. तीस-चाळीस वर्षांचा डिंकासारखा थर सुटतो, नळीतून पुढे येतो आणि नीडलखाली अडकतो. त्यामुळे नवं पेट्रोल भरल्यावर पहिल्या दोन-तीन टाक्यांतच ओव्हरफ्लो सुरू होतो आणि मालक म्हणतो, आधी तर चांगली होती. उपाय आधी टाकी साफ करण्याचा आणि पंपाच्या पुढे चांगला फिल्टर लावण्याचा. दुसरं, ते हवेतली ओल ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर वाटीच्या तळाशी पाणी साचतं आणि जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी धरते. तीही नीडलखाली जाते. उभी ठेवायची गाडी वाटी रिकामी करूनच उभी ठेवावी. तिसरं, जुनं रबर फुगतं. पंपाचा पडदा, जोडनळी, रबरी टोकाची जुनी नीडल, सगळंच. आता व्हिटॉनच्या टोकाची नीडल मिळते, तीच घ्यावी. फार जुन्या काही गाड्यांत कॉर्कचे फ्लोट होते, त्यांच्यावर लाखेचा मुलामा असे. लाकडाला पॉलिश करणारे कारागीर लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात. तो मुलामा इथेनॉलमध्ये टिकत नाही. उघडा पडलेला कॉर्क पेट्रोल पिऊन जड होतो आणि बुडतो.

चौथी गोष्ट थेट इथेनॉलची करणी नाही, आपली आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जुन्या भोकावर, हे मिश्रण पातळ पडतं, गाडी ओढत नाही, मिस मारते. यावर सोपा उपाय म्हणून फ्लोटची जीभ वाकवून पातळी वाढवली जाते. गाडी ओढू लागते खरी, पण चढावर, खड्ड्यात, उन्हात ती सांडू लागते. मिश्रण घट्ट करायचं तर मुख्य जेट एक नंबर वरचा बसवावा. पातळीला हात लावू नये. हे वाक्य पुस्तिकेत तीन ठिकाणी आलं आहे, आणि छापताना एकही गाळू नये असं मी सांगितलं आहे.

पेट्रोलविषयी बोलताना भेसळीचा विषय टाळता येत नाही. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. तिथल्याच शिवारात २५ जानेवारी २०११ रोजी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनमाफियांनी जिवंत जाळलं. इंधनाची चोरी आणि भेसळ ते उघडी पाडायला गेले होते. आपल्या गाडीच्या वाटीत काय पडतं हा प्रश्न ज्यांनी जीव देऊन विचारला, त्यांचं नाव या पुस्तिकेत असायलाच हवं. रॉकेल मिसळलेलं पेट्रोल नीट जळत नाही, प्लगवर काजळी धरतं, आणि हुबेहूब ओव्हरफ्लोची लक्षणं दाखवतं. सगळं तपासून काही सापडलं नाही तर वाटीतलं थोडं पेट्रोल स्वच्छ कागदावर टाका आणि वाळू द्या. तेलकट डाग मागे राहिला तर गाडीला दोष देऊ नका.

आगीबद्दलचे नियम पुस्तिकेच्या पहिल्या पानावर, चौकटीत छापले आहेत. बॅटरीची बॉडीला जोडलेली वायर आधी काढायची. विडी-काडी आवारातसुद्धा नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते. म्हणून ठिबकणारी गाडी खड्ड्यावर घेऊ नये, त्या खड्ड्यात दिव्याचा होल्डर लोंबकळत असेल तर मुळीच नाही. वाळूची बादली आणि कोरड्या पावडरचं अग्निशामक हाताशी हवं. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं की आग पाण्यावर तरंगत पसरते.

शेवटचं प्रकरण इंजिन ऑइलचं. ते शेवटी असलं तरी वाचकांनी ते आधी वाचलं तरी चालेल. घशातून सांडलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा: पातळी खुणेच्या वर चढलेली, तेल बोटांत पाण्यासारखं पातळ आणि नाकाला पेट्रोलचा वास. असं तेल घेऊन इंजिन चालवलं तर बेअरिंगं जातात, आणि अशा इंजिनाची बेअरिंगं आता मुंबईच्या जुन्या बाजारातही सहजी मिळत नाहीत. ओव्हरफ्लो दुरुस्त झाला की त्याच दिवशी ऑइल आणि फिल्टर बदलावा. नव्या ऑइलची पातळी तारखेसह वहीत लिहून ठेवावी. दोनशे किलोमीटर चालवल्यावर, सकाळी गाडी थंड असताना, डिपस्टिक पुन्हा काढावी. पातळी होती तिथेच असेल तर काम झालं. चढलेली असेल तर दाबाचं घड्याळ घेऊन पहिल्या प्रकरणापासून पुन्हा सुरुवात करावी.